वजनाच्या दहा टक्के बॉल आणि ताईचा अंगठा

परवा ताईने फोटो पाठवला. उजवा अंगठा सांध्यापाशी सुजून लाल, मनगटाला क्रेप बँडेज. खाली एकच ओळ: "तुझ्या त्या खेळाने घात केला रे." माझा खेळ म्हणजे टेनपिन बोलिंग: लांब लेनवरून जड बॉल घरंगळवून टोकाच्या दहा पिना पाडायच्या. मी अमेरिकेत मिलवॉकीला राहतो आणि दर मंगळवारी लीगमध्ये खेळतो. ताई पुण्यात. सोसायटीतल्या मैत्रिणींबरोबर ती हल्ली मॉलमधल्या लेनवर जाते. (घरी सांगितलं तेव्हा तिच्या सासऱ्यांनी विचारलं होतं, "फास्ट की स्पिन?")

घात खेळाने नव्हे, फॉरवर्डने केला. 'बोलिंगचे सहा गुप्त मंत्र'. तो गेले दोन महिने फिरतोय, मलाच तीन ग्रुपवर आला. मंत्र असे: आपल्या वजनाच्या दहा टक्के वजनाचा बॉल घ्या. सोडताना मनगट पिळा, बॉल वळतो. पहिल्या पिनच्या नाकावर नेम धरा. जेवढा जोर, तेवढ्या पिना. भाड्याचे बूट म्हणजे लूट, आपले स्पोर्ट्स शूज चालतात. आणि महागडा बॉल घेतला की स्ट्राइक, म्हणजे पहिल्याच बॉलमध्ये दहाही पिना, आपोआप. शेवटी अर्थातच "दहा जणांना पाठवा".

पहिल्या मंत्राने ताईचा अंगठा गेला, म्हणून त्यावर जरा बोलतो. ताईचं वजन इथे लिहिलं तर ती माझ्याशी बोलणार नाही, तेव्हा माझं घेऊ. मी 92 किलो, म्हणजे साधारण 203 पौंड. दहा टक्के म्हणजे वीस पौंडांचा बॉल. असा बॉल जगातल्या कुठल्याही लेनवर मिळणार नाही, कारण इथल्या खेळाचे नियम ठरवणाऱ्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसने (यूएसबीसी) कमाल मर्यादा 16 पौंड घातली आहे. म्हणजे 73 किलोंच्या वर गेलेला प्रत्येक माणूस या मंत्रानुसार थेट जास्तीत जास्त वजनाच्या बॉलवर. पोट सुटलं म्हणून खांद्यात ताकद येते, असं ज्याला वाटतं त्याने आपल्या सोसायटीचा जिना चढून बघावा.

अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करतो. पिन साधारण दीड किलोची असते, हलका बॉल तिला आपटून बाजूला सरकतो, जड बॉल वाट सोडत नाही. दहा टक्क्यांचा ठोकताळा इथले काही दुकानदारही सांगतात. पण तो बॉल तुमच्या हाताचं माप घेऊन भोकं पाडलेला असतो. मापाच्या बॉलला आवळून धरावं लागत नाही, तो हातावर नुसता लटकतो. भाड्याच्या रॅकवरचा बॉल कुणाच्याच मापाचा नसतो. तो निसटू नये म्हणून आपण बोटं आवळतो, आवळलेला अंगठा वेळेवर सुटत नाही, आणि सोळा पौंड, म्हणजे सव्वासात किलो, अंगठ्याला खेचत पुढे जातात. ताईचं नेमकं हेच झालं. व्हिडिओ आहे माझ्याकडे: बॉल मागे गेला, त्याबरोबर खांदा खाली गेला, पुढे येताना मनगट मागे दुमडलं, बॉल हवेत तीन फूट जाऊन धप्प आणि तिथून लेनच्या कडेच्या गटरमध्ये. मैत्रिणी टाळ्या वाजवतायत.

मग बॉल निवडायचा कसा? अंगठा भोकात पूर्ण घाला आणि गोल फिरवून बघा. घासला पाहिजे, अडकता कामा नये. आता मधलं बोट आणि अनामिका भोकांवर नुसती आडवी ठेवा. त्यांच्या दुसऱ्या सांध्याची रेघ भोकाच्या अलीकडच्या कडेच्या जेमतेम पाव इंच पुढे आली, तर माप ठीक. मग हात सैल सोडून झोपाळ्यासारखा पाचसहा वेळा झुलवा. खांदा झुकला किंवा मनगट मागे पडलं की दोन पौंड खाली उतरा. वजनकाटा घरी राहू द्या.

मनगट पिळायचा मंत्र तेवढाच घातकी. टीव्हीवर बॉल शेवटी झोकात आत वळताना दिसतो, म्हणून लोकांना वाटतं हात गरकन फिरवला असेल. प्रत्यक्षात अंगठा आधी बाहेर येतो, नंतर दोन बोटं बॉलच्या बाजूने निघतात, आणि हात शेकहँडला पुढे केल्यासारखा संपतो. बस्स. शिवाय बॉल वळायला लेन पकडावी लागते. लेनवर तेल असतं, नेहमीच्या लेनवर पहिले चाळीसेक फूट, पुढे कोरडं. भाड्याचा बॉल प्लास्टिकचा. तो तेलावरून आणि कोरड्यावरूनही जवळजवळ सरळच जातो. त्याला पिळून कोपर दुखवून घेण्याखेरीज हाती काही लागत नाही.

नाकावर नेम? यूएसबीसीने स्ट्राइकचा अभ्यास केलाय. बॉल सर्वात पुढची पहिली पिन आणि तिच्या उजवीकडे मागे असलेली तिसरी, या दोघींमधल्या खिशात, सुमारे सहा अंशांच्या कोनात शिरला तर सगळ्यात जास्त स्ट्राइक पडतात. (हे उजव्या हाताचं, डावखुऱ्यांनी तिसरीच्या जागी दुसरी पिन धरावी.) चोख स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः फक्त चार पिनांना लागतो: एक, तीन, पाच आणि नऊ. बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. नाकावर बसला की मधल्या पिना जातात आणि दोन्ही कडांना उरलेल्या आपल्याकडे बघत राहतात. सरळ बॉलला सहा अंश जमत नाहीत, लेन साडेएक्केचाळीस इंच रुंद आणि साठ फूट लांब, अगदी कडेवरून टाकला तरी दीड अंशाच्या आसपास. म्हणून तर वळणाऱ्या बॉलचं एवढं कौतुक. पण खिसा सरळ बॉललाही सापडतो. पिनांकडे बघू नका. पंधराएक फुटांवर लेनमध्ये सात बाण कोरलेले असतात, त्यातल्या उजवीकडून दुसऱ्या किंवा तिसऱ्यावरून बॉल न्या. साठ फुटांवरच्या खिशापेक्षा पंधरा फुटांवरचा बाण सोपा, याला गुप्त मंत्र लागत नाही.

जोराबद्दल फार लिहीत नाही. जोर लावला की पाय लटपटतात आणि नेम जातो. कुठल्याही मॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहिलात तर पटेल.

बुटांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. शेवटच्या पावलाला उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा पाय घसरत थांबायचा असतो. स्पोर्ट्स शूजचा रबरी तळवा तिथेच चिकटतो, अंग पुढे जातं आणि गुडघा मागे राहतो. भाड्याच्या बुटांचा वास येतो, हे खरंय. मग स्वतःचे घ्या. खर्च करायचाच असेल तर बॉलच्या आधी बूट.

राहिला महागडा बॉल. तो रिॲक्टिव्ह रेझिन या पकड घेणाऱ्या कवचाचा असतो, कोरड्यावर लेन पकडतो, खिशात कोनाने शिरतो, स्ट्राइक वाढवतो. मान्य, नाइलाजाने. पण ज्याचा हात अजून एका रेषेत येत नाही, त्याला तो दर वेळी वेगळीकडे नेईल. आणि हिशोब करा: एकही स्ट्राइक न मारता दहाही फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे दोन बॉलची एक पाळी) आधी नऊ आणि मग उरलेली एक पाडली, शेवटच्या जादा बॉलवर पुन्हा नऊ, तर प्रत्येक फ्रेमला दहा अधिक पुढच्या बॉलचे नऊ धरून स्कोअर होतो 190. माझ्या लीगमध्ये 190 वाल्याला कुणी हसत नाही. ती उरलेली एक पिन पाडायला इथले मुरलेले खेळाडूसुद्धा पिशवीतून दुसरा बॉल काढतात. प्लास्टिकचा, सरळ जाणारा, ताईच्या मॉलमधल्या रॅकवर असतो तसाच.

ताई, सूज पूर्ण उतरेपर्यंत जाऊ नकोस. नंतर नऊ पौंडांपासून सुरू कर. आणि ग्रुपवर ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनाही हे पाठव.