निघायची वेळ आदल्या रात्रीच टाकून बघा

‘निघताना मॅप लावा आणि निळ्या रेघेवर विसंबा’ असा सल्ला एका लेखात वाचला; तो आम्हा ठाण्याच्या घोडबंदर रोडवाल्यांना पुरत नाही. आदल्या रात्रीच गुगल मॅप्सवर निघायची वेळ टाकून बघावी. जुन्या ट्रॅफिकवरून बऱ्यापैकी अंदाज मिळतो. माजिवड्याहून वाशीला जाताना मी कळव्यावरून ठाणे-बेलापूर रोड आणि मुलुंडवरून ऐरोली पूल, दोन्ही ताडून बघते. फरक दोन-चार मिनिटांचाच असेल तर कमी सिग्नलचा रस्ता घ्यावा, हे माझं ठाम मत. आणि हो, ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली नाक्यावर हलक्या वाहनांना टोल नाही. मॅप्समध्ये ‘टोल टाळा’ हे सेटिंग चालू ठेवलं असेल, तर ते बंद करूनही एकदा मार्ग बघा. दुचाकीवाल्यांनी बाइकचाच पर्याय निवडावा; कारची वेळ त्यांना लागू पडत नाही.