सुतारकाका, चार खटके निर्दोष निघाले. पण मॅग्नेट मात्र नको

काका, नमस्कार.

कारवानमधल्या, म्हणजे आमच्या राहायच्या गाडीतल्या, कपाटांचे बटणाचे खटके बदलण्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही म्हणालात : "ताई, पस्तीस वर्षं सुतारकाम केलंय. सहाच्या सहा खटके बदलायला सांगून तुम्ही लोकांना उगाच खर्चात पाडताय. बिजागरी आवळा, खटक्यात खोबरेल तेलाचा थेंब सोडा. तरी नाही जमलं तर मॅग्नेट लावा, नाहीतर साधी कडी ठोका. घरच्या किचनला चालतं ते गाडीला का चालू नये?"

उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण त्याआधी गाडीत बसून सगळं पुन्हा तपासायचं होतं. काढलेले सहाही जुने खटके मी डब्यात जपून ठेवले होते. ते एकेक करून हातात घेतले, बटण दाबून पाहिलं. चार खटक्यांची जीभ पूर्ण बाहेर येत होती आणि स्प्रिंग खणखणीत होती. फक्त दोघांच्या स्प्रिंगा गंजून मेल्या होत्या. म्हणजे चार खटके मी विनाकारण बदलले आणि वाचकांनाही तेच करायला सांगितलं. तुमची तक्रार रास्त आहे. लेखात तशी दुरुस्ती आजच टाकली आहे.

मग त्या चार कपाटांची शटरं, म्हणजे दारं, धावत्या गाडीत उघडत का होती? ते शोधायला आईने कुंकवाची डबी पुढे केली. खटक्याच्या जिभेला ओलं कुंकू लावलं, शटर हळूच बंद केलं आणि उघडून समोरच्या पट्टीवर डाग कुठे पडला ते पाहिलं. डाग खाचेच्या मधोमध पडायला हवा होता, तो पडला खालच्या कडेवर. शटर मुठीच्या बाजूने जवळपास तीन मिलिमीटर खाली बसलं होतं. जीभ खाचेत जात नव्हती, काठावर नुसती टेकत होती. बटण आत बसलं की आपण समजतो, लागलं. उभ्या गाडीत ते लागल्यासारखंच दिसतं.

शटर खाली बसण्याचं कारण तुम्ही म्हणालात तेच, बिजागरी. पण ती नुसती आवळून भागत नाही. आमच्या गाडीतली कपाटं पार्टिकल बोर्डाची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची आहेत. मुंबईत पावसाळ्याचे चार महिने उभी राहिलेली गाडी, कडेची पट्टी जिथे सुटली तिथून बोर्डात शिरलेली दमट हवा, त्यात खड्ड्यांचे धक्के. स्क्रूची भोकं सैल झाली होती, स्क्रू आवळायला गेलं की नुसता फिरत राहायचा. ज्या भोकांभोवती बोर्ड अजून घट्ट होता, तिथे मी उदबत्तीच्या बांबूच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठासल्या, दिवसभर सुकू दिल्या, दोन मिलिमीटरच्या ड्रिलने नवीन भोक पाडून तोच स्क्रू परत बसवला. जिथे बोर्ड फुगून भुसभुशीत झाला होता तिथे काड्यांचा उपयोग नव्हता. तिथे आरपार चार मिलिमीटरचा बोल्ट घातला आणि आतून मोठा वॉशर लावून नट आवळला. बाहेरून बोल्टाचं डोकं दिसतं. दिसू दे.

त्यानंतर बिजागरीचे स्क्रू जुळवले. तुम्हाला हे सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी लिहिते : आपल्याकडच्या किचनमध्ये असते त्या वाटीच्या बिजागरीत शटरच्या जवळचा स्क्रू शटर डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा आत-बाहेर करतो, आणि वर-खाली करायचं असेल तर कपाटाच्या अंगाला लागलेली पट्टी सैल करावी लागते. आम्ही पहिल्या प्रयत्नात फक्त पुढचा स्क्रू फिरवत बसलो आणि फट वाकडी झाली.

घरच्या किचनमध्ये नसणारी एक गोष्ट इथे असते, ती म्हणजे पिळ. सपाट जागेवर सहाही खटके सुरेख लागत होते. मग पुढचं एक चाक फळीवर चढवून साधारण दहा सेंटिमीटर उचललं आणि पुन्हा कुंकू लावून पाहिलं. दोन कपाटांत डाग दीड-दोन मिलिमीटर सरकला होता. गाडीचा सांगाडा पिळला जातो आणि त्याच्याबरोबर कपाटाची चौकटही. म्हणून त्या दोन पट्ट्यांची खाच कानशीने वर-खाली थोडी लांबवली. ज्या बाजूने ती जीभ अडवून धरते ती कड मात्र अजिबात घासली नाही, नाहीतर शटर खडखडत राहतं. उरलेल्या फटीसाठी चौकटीवर छोट्या रबरी गोळ्या चिकटवल्या.

आता मॅग्नेट. इथे माझं मत बदललेलं नाही, आणि का ते तुम्हाला समजावं असं मनापासून वाटतं.

एकदा कसाऱ्याहून इगतपुरीकडे घाट चढताना डावं वळण आलं. डावीकडच्या वरच्या कपाटाचं शटर उघडलं आणि तीन लिटरचा कुकर समोरच्या सीटवर आदळला. पाच मिनिटांपूर्वी तिथे माझी भाची बसली होती, तिला मळमळतं म्हणून आम्ही पुढे बोलावलं होतं. त्या कपाटाला तेव्हा मॅग्नेटच होता. आधीच्या मालकाने गाडी ज्या सुताराकडून करून घेतली होती, त्याने घरच्या ट्रॉलीसारखीच कपाटं केली होती. माणूस हुशार असणार, काम स्वच्छ आहे. फक्त हे कपाट रस्त्यावर पळणार, हा विचार झाला नव्हता.

वळण डावं असलं की सामान उजवीकडे ओढलं जातं, म्हणजे डाव्या बाजूच्या कपाटातलं सगळं ओझं शटरवर येतं. जोरदार वळणावर हा ओढा सामानाच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत सहज जातो. कपाटात सहा किलो सामान असेल तर दोन-अडीच किलोचा सततचा दाब. तेवढं मॅग्नेट एक वेळ धरेल. पण भांडं आधी पाच-सात सेंटिमीटर घसरतं आणि मग शटरवर आपटतं, तो हिसका कितीतरी मोठा असतो. आणि मॅग्नेटची पकड अंतराबरोबर झपाट्याने संपते. मधे कागदाच्या पुठ्ठ्याएवढी फट पडली तरी जोर उरत नाही. पिळामुळे ती फट गाडीत पडतेच. घरात शटर हवेने उघडू नये एवढंच मॅग्नेटचं काम. गाडीत शटरला ओझं अडवायचं असतं, त्यासाठी धातूची जीभ किंवा दांडी धातूच्या खाचेतच अडकली पाहिजे.

त्याबरोबर हेही सांगायला हवं की खटका कितीही चांगला असला तरी सगळा भार त्याच्यावर टाकू नये. कुकर आणि धान्याचे डबे आम्ही आता खालच्या कपाटात ठेवतो. वर टॉवेल, पापड, बिस्किटं. फळ्यांवर जाळीदार रबरी मॅट आणि पुढच्या कडेला चार सेंटिमीटरची लाकडी पट्टी. हे मी आधीच्या लेखात लिहायलाच हवं होतं.

तुमची कडी मला पटली. ती ओझं अडवते, स्वस्त आहे, दहा वर्षांनी नागदेवी स्ट्रीटवर तीच मिळेल, आणि बिघडली तर रस्त्यात कुणीही दुरुस्त करेल. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. कडीची दांडी वरून खाली पडून लागेल अशी बसवायची. खालून वर सरकवून लागणारी कडी धक्क्याधक्क्याने आपोआप खाली उतरते. आणि डोक्याच्या उंचीवर ती नको. आमच्या गाडीत मधली वाट जेमतेम दोन फुटांची आहे, रात्री उठलेल्या माणसाच्या कपाळाला ती लागणार. म्हणून ओट्याखालच्या तिन्ही कपाटांना मी कड्या लावल्या आहेत, स्टेनलेस स्टीलच्या. मुंबईच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडी कडीचं काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

खोबरेल तेल मात्र नका सुचवू. २४ अंशांच्या खाली ते गोठतं. डिसेंबरात महाबळेश्वरला पहाटे आमचा एक खटका असाच आत अडकून बसला, आणि आईच्या गोळ्या त्याच कपाटात होत्या. शिवाय तेलावर धूळ चिकटते, पुढच्या वेळेला जीभ अजून जड. मी जिभेवर साधी मेणबत्ती घासते, महिनोन् महिने पुरते.

एक अडचण अजून सुटलेली नाही, आणि ती तुम्हालाच विचारते. पाठीमागच्या कपाटाचं शटर साठ सेंटिमीटर रुंद आणि जवळपास तेवढंच उंच आहे, दोनच बिजागऱ्यांवर लटकलंय. सगळं करूनही ते दोन महिन्यांत पुन्हा एक मिलिमीटर खाली आलं. तिसरी बिजागरी घालायची तर वरच्या बिजागरीच्या लगेच खाली घालू की मधोमध? की शटरच कापून दोन पल्ले करू? तुम्ही काय केलं असतं?