३७–० : क्लीव्हलँडच्या फायनलचा माझ्या लेखी खरा स्कोअर

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची महिलांची राष्ट्रीय फायनल, ७ एप्रिल २०२४, क्लीव्हलँड. साउथ कॅरोलायना ८७, आयोवा ७५. निकाल एवढा स्वच्छ, तरी आजही विषय निघाला की लोक विचारतात, "केटलिन क्लार्क हरली ती मॅच ना?" हो, तीच; क्लार्क म्हणजे आयोवाची स्टार खेळाडू. पण ती मॅच कोणीतरी जिंकलीसुद्धा होती. आणि ज्या रीतीने जिंकली ती रीत सांघिक खेळ खेळणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाने नीट बघावी अशी आहे. म्हणून हे एवढं लांब लिहितेय.

३७–० हा त्या दिवशीचा बेंचचा स्कोअर. सुरुवातीच्या पाच-पाच जणी बाजूला ठेवल्या आणि बदली म्हणून उतरलेल्यांचेच पॉइंट मोजले, तर साउथ कॅरोलायनाचे ३७ आणि आयोवाचा भोपळा. आयोवाचे सगळेच्या सगळे ७५ पॉइंट त्यांच्या पहिल्या पाच जणींनी केले, त्यातले ३० एकट्या क्लार्कचे. मॅचचं सगळं गणित या एका आकड्यात आहे असं माझं ठाम मत आहे.

मॅच कशी झाली ते आधी सांगते, कारण सुरुवात बघून कोणालाही वाटलं असतं की साउथ कॅरोलायना आज गेली. पहिल्या काही मिनिटांत आयोवा १०–०. पहिल्या क्वार्टरमध्येच, म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत, क्लार्कचे १८ पॉइंट. महिलांच्या फायनलमध्ये एका क्वार्टरमध्ये इतके पॉइंट त्याआधी कोणीही केले नव्हते. ती कितीतरी लांबून बॉल सोडायची आणि तो आत जायचा. समोरचा संघ अख्ख्या मोसमात एकही मॅच न हरता आलेला. अशा वेळी बहुतेक कोच काय करतील? आपल्या सगळ्यात भरवशाच्या पाच जणींना कोर्टवर खिळवून ठेवतील आणि धीर धरा म्हणून ओरडत राहतील.

साउथ कॅरोलायनाची कोच डॉन स्टेली हिने बेंचकडे पाहिलं. टेसा जॉन्सन, कॉलेजचं पहिलंच वर्ष, फायनलला उतरली आणि १९ पॉइंट करून गेली. त्या दिवशी साउथ कॅरोलायनाकडून सर्वाधिक पॉइंट तिचेच. पहिल्या पाचातली एकही जण तिच्या पुढे नव्हती! तिच्यासोबत मिलेशिया फुलवाइली, तीही पहिल्या वर्षाची, कोलंबिया शहरातली म्हणजे कॉलेजच्या गावचीच मुलगी. ती बॉल घेऊन सुटली की आयोवाच्या डिफेन्सची तारांबळ उडायची. हाफटाइमला साउथ कॅरोलायना ४९–४६ पुढे. पहिल्या क्वार्टरनंतर क्लार्कला उरलेल्या तीन क्वार्टरमध्ये मिळून १२च पॉइंट करता आले.

हे कसं झालं? क्लार्कची जादू अचानक संपली असं नाही. तिच्यामागे चाळीस मिनिटं कोणी ना कोणी ताज्या पायांनी धावत होतं. मुख्य काम साउथ कॅरोलायनाच्या रेवन जॉन्सनचं होतं. पण एखादी दमली की दुसरी तयार, आणि दुसरी उतरल्यावर डिफेन्सची धार कमी होत नव्हती. क्लार्क मात्र जवळपास सगळा वेळ कोर्टवर, बॉल आणायचा तिने, पास द्यायचा तिने, शॉटही तिने. खो-खो बघणाऱ्यांना हे लगेच कळेल: पळणारी तुकडी तीच राहिली आणि मारणारे दर थोड्या वेळाने नवे आले, तर पळणारा कितीही चपळ असला तरी किती वेळ टिकणार? शेवटच्या क्वार्टरमध्ये आयोवाने झुंज देऊन अंतर पाचवर आणलं, ८०–७५. चार मिनिटांच्या वर वेळ शिल्लक होता. त्यानंतर मॅच संपेपर्यंत आयोवाचा एकही पॉइंट झाला नाही. पायातलं बळच संपलं होतं. रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) बघा, साउथ कॅरोलायनाचे ५१, आयोवाचे २९. साउथ कॅरोलायनाच्या कमिला कार्डोसोचे एकटीचे १७ रिबाउंड आणि १५ पॉइंट, तीच स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली.

कार्डोसोबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. ब्राझीलच्या मोन्तेस क्लारोस गावची मुलगी. पंधराव्या वर्षी घर सोडून, इंग्रजी येत नसताना, शाळेसाठी अमेरिकेत आली. त्याच मोसमात टेनेसीविरुद्ध तिचा संघ दोन पॉइंटने मागे असताना शेवटच्या क्षणी बॉल तिच्या हातात आला. साडेसहा फुटांहून उंच सेंटर, कॉलेजच्या कारकिर्दीत त्याआधी एकही थ्री पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) नाही. तिने तो मारला, बोर्डवर लागून आत गेला आणि मॅच ७४–७३ जिंकली. नाबाद मोसम तिथेच संपता संपता राहिला.

आता मागच्या वर्षाची गोष्ट, कारण तिच्याशिवाय ही फायनल अर्धीच कळते. २०२३च्या सेमीफायनलला हेच दोन संघ समोरासमोर होते. साउथ कॅरोलायना तेव्हाही नाबाद, सलग ४२ मॅच जिंकलेली. आयोवाने ७७–७३ हरवलं, क्लार्कचे ४१ पॉइंट. त्या मॅचमध्ये थ्री पॉइंट लाइनबाहेर मोकळ्या उभ्या असलेल्या रेवन जॉन्सनकडे बघून क्लार्कने हात झटकला: हिला सोडा, ही काय मारणार. ती क्लिप जगभर फिरली. एका कॉलेजच्या मुलीची एवढी जाहीर हेटाळणी. रेवनने नंतर सांगितलं की त्या क्लिपमुळे खेळ सोडून द्यावा इथवर तिचे विचार गेले होते. उन्हाळाभर तिने शॉट घोटला. फायनलमध्ये तिचे शॉट फारसे पडले नाहीत, पण क्लार्कला आवळून धरण्याचं काम तिचं होतं आणि ते तिने केलं. हाफटाइमच्या थोडं आधी क्लार्कच्या हातातून बॉल काढून एकटी धावत जाऊन तिने अगदी बास्केटजवळून बॉल आत टाकला (लेअप), तो क्षण मी परत परत पाहिलाय.

त्या २०२३च्या पराभवानंतर साउथ कॅरोलायनाच्या सुरुवातीच्या पाचही जणी गेल्या. त्यातली आलिया बॉस्टन तर डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिलीच निवडली गेली. कॉलेजच्या खेळाचं हेच वैशिष्ट्य आहे: चार वर्षं झाली की मुलगी जाणार, कितीही चांगली असो. त्यामुळे कॉलेजच्या कोचला आज बेंचवर बसलेली मुलगी म्हणजे उद्याचा संघ. स्टेलीच्या बाबतीत त्या उद्याच्या मुलींनी ३८–० असा मोसम काढला. महिलांच्या अव्वल गटात (डिव्हिजन वन) असा नाबाद मोसम त्याआधी नऊ वेळाच झाला होता. आणि पुरुष असो वा महिला, अव्वल गटात नाबाद विजेतेपद मिळवणारी स्टेली ही पहिली कृष्णवर्णीय कोच. तीन मोसमांचा हिशेब केला तर १०९ विजय, ३ पराभव.

स्टेली स्वतः कुठून आली हे बघितलं की तिचा बेंचवरचा विश्वास मला जास्त कळतो. उत्तर फिलाडेल्फियाच्या सरकारी वसाहतीत वाढलेली, साडेपाच फुटांची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल आणून खेळ रचणारी खेळाडू. १९९१ला व्हर्जिनियाकडून ती राष्ट्रीय फायनल खेळली. टेनेसीने ओव्हरटाइममध्ये ७०–६७ असं हरवलं. पण सर्वोत्तम खेळाडूचा मान हरलेल्या संघातल्या स्टेलीला मिळाला. म्हणजे २०२४ला क्लार्कला काय वाटत असेल हे त्या स्टेडियममध्ये जर कोणाला आतून ठाऊक असेल तर ते समोरच्या कोचला. ट्रॉफी घेताना स्टेलीने माइकवरून क्लार्कचे नाव घेऊन आभार मानले, तिने हा खेळ वर उचलला म्हणून. स्वतःच्या सर्वोच्च क्षणी हे सुचणं मला फार मोठं वाटतं. खेळाडू म्हणून तीन ऑलिंपिक सुवर्ण असलेल्या स्टेलीला कॉलेजचं विजेतेपद खेळाडू म्हणून कधीच मिळालं नाही. कोच म्हणून २०१७, २०२२ आणि २०२४ अशी तीन मिळाली.

क्लार्कवर माझा राग नाही, हे स्पष्ट लिहिते. कॉलेजात ३,९५१ पॉइंट करणारी खेळाडू रोज जन्माला येत नाही. ही फायनल अमेरिकेत सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली. पुरुषांची फायनल दुसऱ्या दिवशी झाली, तिला १ कोटी ४८ लाख. महिलांच्या फायनलने पुरुषांना मागे टाकण्याची ही पहिलीच वेळ. २०२२ला साउथ कॅरोलायनाच फायनल जिंकली होती तेव्हा प्रेक्षक होते ४८ लाखांच्या आसपास. दोन वर्षांत जवळजवळ चौपट, आणि त्यात क्लार्कचा वाटा सिंहाचा आहे.

आयोवाचं प्रेक्षकप्रेमही काल-परवाचं नाही. त्या राज्यात मुलींचा सहा विरुद्ध सहा असा जुना बास्केटबॉल थेट १९९३पर्यंत खेळला जायचा: तीन मुली फक्त शॉट मारणार, तीन फक्त अडवणार, मध्यरेषा ओलांडायची नाही आणि ड्रिबल दोनच. मुलींना जास्त धावणं झेपत नाही या समजुतीतून आलेले ते नियम. पण गावंच्या गावं त्या मॅच बघायला लोटायची. त्याच आयोवात ऑक्टोबर २०२३ला फुटबॉलच्या मैदानावर कोर्ट टाकून खेळलेल्या सराव सामन्याला ५५,६४६ लोक आले. हे मला मनापासून आवडतं.

माझी तक्रार आहे ती गोष्ट सांगणाऱ्यांबद्दल. साउथ कॅरोलायनाच्या कोलंबियातल्या स्टेडियममध्येही २०१५पासून जवळपास दरवर्षी महिला कॉलेज बास्केटबॉलमधली देशातली सर्वाधिक गर्दी होते, याची बातमी किती जणांनी वाचलीय? या संघाबद्दल बोलताना ताकद, दांडगाई, मारामारी असले शब्द यायचे. २०२३च्या सेमीफायनलआधी तर त्यांच्याविरुद्ध रिबाउंड घेणं म्हणजे बारमधल्या मारामारीत उतरणं, अशी उपमा दिली गेली. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलींच्या संघाला ही विशेषणं का चिकटतात, हा प्रश्न स्टेलीने त्याच वेळी पत्रकार परिषदेत जाहीरपणे विचारला होता. चेहरा एकीचा, कौशल्य एकीचं आणि समोरचा संघ म्हणजे नुसती ताकद: ही मांडणी आळशी आहे आणि अन्यायाची आहे. ५१ रिबाउंड घेण्यात बॉल कुठे पडणार याचा अंदाज, जागा धरणं, वेळ साधणं असतं. त्याला कौशल्यच म्हणायचं.

पैशांचं थोडक्यात. पुरुषांच्या स्पर्धेत संघाने मॅच जिंकली की त्याच्या गटाला (कॉलेजांच्या समूहाला, म्हणजे कॉन्फरन्सला) दशकानुदशकं रक्कम मिळत आली. महिलांच्या संघांना तशी रक्कम २०२५पासून मिळू लागली. म्हणजे क्लीव्हलँडची ती फायनल एवढी पाहिली गेली, तरी जिंकण्याबद्दल संघाच्या गटाला त्या हिशेबात एक डॉलरही मिळाला नाही. २०२१ला तर महिला संघांना व्यायामासाठी डंबेल्सचा एक छोटासा स्टँड आणि पुरुषांना अख्खी जिम दिली होती. एका खेळाडूने व्हिडिओ टाकला तेव्हा कुठे आयोजक जागे झाले.

मी हे सगळं एवढ्या पोटतिडकीने का लिहितेय? मी शाळेपासून कॉलेजपर्यंत बास्केटबॉल खेळले आणि त्यातला मोठा काळ बेंचवर काढला. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत आजही हेच दिसतं: बारा मुली जर्सी घालून येतात, पाच किंवा सहा खेळतात, बाकीच्या पाण्याच्या बाटल्या आणि टॉवेल सांभाळतात. वीस पॉइंटची आघाडी असली तरी बदली होत नाही. मग मुख्य खेळाडूचा घोटा मुरगळला की संघ पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळतो आणि सर म्हणतात, बेंचमध्ये दम नाही. दम येणार कुठून? मॅचचं दडपण मॅचमध्येच शिकता येतं. टेसा जॉन्सन फायनलला १९ पॉइंट करू शकली कारण नोव्हेंबरपासून तिला जवळजवळ प्रत्येक मॅचमध्ये वेळ मिळाला होता, चुका करायला मिळाल्या होत्या, आणि चुकल्यावर परत बोलावलं जायचं.

काही कोच म्हणतील, तिकडे निवडक मुली, आमच्याकडे मुळात दहा जणी गोळा करताना नाकी नऊ येतात. मान्य. पण दहा गोळा झाल्यावर त्यातल्या पाचांना खेळवायचंच नाही, याला हे कारण पुरत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलामुलींच्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला निदान अर्धा क्वार्टर कोर्टवर उतरवलंच पाहिजे असा नियम जिल्हा पातळीवर करा, अशी माझी मागणी आहे. आमच्या भागातल्या मे महिन्याच्या स्पर्धेच्या बैठकीत मी तो लेखी मांडणार आहे. बास्केटबॉल शिकवणाऱ्या मंडळींनी यावर जरूर लिहा, विरोध असेल तर कारणासकट. आणि लिहिण्याआधी त्या फायनलचा दुसरा क्वार्टर कुठे मिळाला तर बघून घ्या. क्लार्कवरून नजर हटवून स्टेली कोणाला केव्हा आत पाठवते, तेवढंच बघा.