स्विच-ऑनच्या व्हिडिओनंतर काय होतं?

पुन्हा तो व्हिडिओ फिरतोय. ऐकू न येणाऱ्या बाळाच्या डोक्याला मशीन लावून पहिल्यांदा चालू करतात (हाच तो स्विच-ऑन), बाळ दचकतं, हसतं, आई रडते आणि खाली कमेंटमध्ये 'चमत्कार!'चा पाऊस. माझ्या मुलीला कॉक्लिअर इम्प्लांट आहे (ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून आतल्या कानात बसवलेलं यंत्र, त्याला बाहेरून डोक्यावर मशीनची जोड), त्यामुळे लोक हटकून मला टॅग करतात. तर बोलतेच एकदाची.

त्या क्षणी बाळाला 'आई' वगैरे काही कळत नाही. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या हजारो केसपेशींचं काम इथे बारा ते बावीस इलेक्ट्रोडवर भागवायचं असतं. ते श्रवणनाडीला थेट विजेचे संकेत देतात, अर्थ लावायला मेंदूने शिकायचं. सुरुवातीला आवाजही मुद्दाम कमी ठेवतात, मग प्रत्येक मॅपिंगला, म्हणजे मशीनचं सेटिंग जुळवायच्या भेटीला, थोडा थोडा वाढवतात. कित्येक मुलं तर स्विच-ऑनला चक्क भोकाड पसरतात. ते व्हिडिओ कोण टाकणार?

ऑपरेशन लवकर व्हावं, याबद्दल दुमत नाही. ऐकायला शिकण्याची मेंदूची तयारी पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत सगळ्यात जास्त असते. अमेरिकेत १९९० मध्ये मुलांसाठी परवानगी मिळाली तेव्हा किमान वय २ वर्षं होतं, २०२० मध्ये ते ९ महिन्यांवर आलं. पण ऑपरेशन एका दिवसात उरकतं हो. खरी कसोटी पुढे, मशीन दिवसभर डोक्यावर टिकवण्याची. आमच्या बाईसाहेब कॉइल (मशीनची डोक्याला चिकटणारी चकती) उपटायच्या आणि फ्रिजच्या दाराला चिकटवून टाळ्या वाजवायच्या (चुंबक असतो ना तिच्यात!). बरं, मॅपिंगला गेलं की ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) रोज किती तास मशीन चालू होतं ते स्क्रीनवर दिसतं. तिथे थापा चालत नाहीत.

रोज सकाळी मी तोंड झाकून सहा आवाज काढते: म्म, ऊ, आ, ई, श्श, स्स. ऐकू आला की ती डब्यात मणी टाकते. एखाद्या दिवशी 'स्स'ला मणी पडला नाही की आधी बॅटरी, मग वायर, मग माझा जीव, या क्रमाने तपासणी होते.

आणि ते 'चार वर्षांची झाली, अजून नीट बोलत नाही?' विचारणारे! तिचं ऐकण्याचं वय स्विच-ऑनपासून मोजा ना.

'खुणा करू नका, बोलायची आळशी होईल' हा सल्लाही फुकट मिळतो. मला तो अजिबात पटत नाही. आंघोळीला, झोपताना मशीन काढलं की तिला काहीही ऐकू येत नाही. तेव्हा काय तोंडाला कुलूप लावून बसायचं? आम्ही बिनधास्त खुणा करतो. बडबडही चालू आहे, काळजी नसावी.