श्वास जरा बेताने

परत येऊन आज नववा दिवस आहे. झोपेचे बिघडलेले घड्याळ ताळ्यावर आले, पायांची सूज उतरली, बॅगेच्या चाकात अडकलेला फ्रेंच खडाही निघाला. एक गोष्ट मात्र अजून छातीत अडकून बसली आहे, आणि ती म्हणजे एका फ्रेंच म्हाताऱ्याने अकरा लोकांदेखत मला केलेली सूचना. मी श्वास जरा बेताने घ्यावा, अशी ती सूचना होती.

हे वाचून ज्यांना हसू आले असेल त्यांनी आधी एवढे लक्षात घ्यावे, की गेली अकरा वर्षे मी आमच्या सोसायटीजवळच्या बागेत रोज सकाळी सहा वाजता प्राणायाम घेतो. घेतो म्हणजे इतरांकडून करवून घेतो. ‘दीर्घ श्वास घ्या, आणखी, अजून थोडा,’ असे ओरडण्यातच माझे निवृत्तीनंतरचे आयुष्य गेले आहे. गवयाला कोणी ‘आवाज खाली’ म्हटल्यावर त्याचे जे होत असेल, ते माझे त्या गुहेत झाले.

मुलगी आणि जावई लिऑनला असतात. त्यांनी पाच दिवसांची रजा काढून आम्हा दोघांना गाडीत घातले आणि दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात नेऊन सोडले. त्या प्रदेशात जिकडे पाहावे तिकडे एक किल्ला असतो आणि किल्ला नसेल तिथे गुहा असते. कास्तेल्नो आणि बेनाक हे दोन किल्ले तर नदीच्या दोन काठांवरून एकमेकांकडे असे रोखून पाहतात, की जणू बांधाचा दावा अजून कोर्टात चालूच आहे. शंभर वर्षांच्या युद्धात कास्तेल्नो बराच काळ इंग्रजांकडे होता आणि बेनाक फ्रेंचांकडे. हे युद्ध १३३७ ते १४५३ असे ११६ वर्षे चालले. नाव ठेवणाऱ्यांनी वरची सोळा वर्षे सूट म्हणून सोडून दिलेली दिसतात. कास्तेल्नोमध्ये आता जुन्या युद्धसाहित्याचे संग्रहालय आहे आणि तटावर दगड भिरकावणाऱ्या अजस्र लाकडी गोफणी उभ्या आहेत. त्या पाहताना मला कोणावरही दगड टाकावासा वाटला नव्हता, कारण तोवर सकाळच होती.

दुपारच्या जेवणाविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आम्ही दोघे शाकाहारी. त्या मुलुखात बदक आणि हंस यांना जे स्थान आहे ते आपल्याकडे गव्हाला असेल, म्हणून आम्ही सुरक्षित म्हणून बटाटे मागवले. खरपूस भाजलेले, लसूण आणि पार्स्ली घातलेले ते बटाटे इतके चविष्ट होते, की मी दुसरी आणि मग अर्धी तिसरी प्लेट घेतली. ते सार्ला गावाच्या नावाने ओळखले जाणारे बटाटे असून बदकाच्या चरबीत परततात, ही माहिती जावयाने बिल आल्यावर, अतिशय हळू आवाजात दिली. हिने तत्काळ ‘मला काहीच ऐकू आलं नाही’ असे जाहीर केले. मला मात्र ऐकू आले होते, आणि तेव्हापासून श्वास थोडा वरच लागला होता.

अशा अवस्थेत आम्ही वेझेरच्या खोऱ्यातली ती गुहा गाठली. तिचे नाव सांगत नाही, कारण गुहेने माझे काही वाईट केलेले नाही. तिच्या तोंडापर्यंत एक चढाची पायवाट जाते. तिकिटावरची वेळ चुकली तर पुढचा गट नाही, असे बजावलेले असल्यामुळे ती पायवाट मी जवळजवळ धावतच चढलो. आत आम्ही बारा जण होतो. वाटाडी मुलगी तिशीतली, हातात छोटी बॅटरी असलेली. हात लावू नका, फोटो काढू नका, भिंतीला टेकू नका, असे तिने सगळ्यांना सांगितले. नाक आणि फुप्फुसे यांचा तिने उल्लेखसुद्धा केला नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो.

मग तिने दिवे मालवले आणि बॅटरी एका बाजूने भिंतीवर धरली. आधी नुसता खडक होता. बॅटरी तसूभर सरकली आणि खडकाचा फुगवटा होता तिथे बायसनचा खांदा उभा राहिला, खाली पोटाचा उतार आला, आणि आपल्या तुळशीवृंदावनाला लावतात तसल्या गेरूच्या रंगाची पाठ अंधारात हलल्यासारखी झाली. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी याच फुगवट्यात ते जनावर ओळखले होते. माझ्या तोंडून नकळत एक मोठा सुस्कारा बाहेर पडला. कलेला मिळालेली ती अस्सल दाद होती. माझ्या शेजारच्या माणसाला ती प्रदूषण वाटली.

हा गृहस्थ पंचाहत्तरीच्या घरातला, वाळक्या शेंगेसारखा, गळ्यात रेशमी रुमाल, हातात अदबीने काढलेली टोपी. मुद्रा अशी, की गुहा त्याच्या पणजोबांनी बांधली असून घरपट्टी अजून तोच भरतो. त्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या नाकाकडे, मग नाकापासून बायसनपर्यंतचे अंतर डोळ्यांनी मोजले. मग तर्जनी वर करून तो म्हणाला, “मस्यो. दूसमाँ.”

मला वाटले, हे त्या जनावराचे फ्रेंच नाव असावे. परदेशी माणसाने चार शब्द शिकावेत या सद्भावनेने मी मान डोलावली आणि छाती भरून म्हणालो, “दूसमाँ!”

त्याने डोळे मिटून घेतले.

“बाबा,” मुलगी कानाशी म्हणाली, “दूसमाँ म्हणजे हळू.”

“काय हळू?”

“श्वास.”

यावर त्या गृहस्थाने तिच्याकडे वळून कुजबुजत्या फ्रेंचमध्ये चांगले अर्धे मिनिट भाषण केले. त्यात दोनदा ‘लास्को’ आले, एकदा ‘कातास्त्रोफ’ आले आणि शेवटी त्याने हाताच्या बोटांनी भिंतीवर काहीतरी उगवत असल्याचा अभिनय केला.

“ते म्हणतायत, भिंतीला त्रास होतो.”

“एवढ्या बोलण्याचं एवढंच मराठी?”

“बाकीचं बाहेर गेल्यावर सांगते.”

इतक्यात हिने विचारले, “काय झालं? काय म्हणतायत ते?” आणि मुलीने, पोटच्या मुलीने, सांगून टाकले की बाबांचा श्वास फार मोठा आहे असे त्यांचे म्हणणे आहे. “मग मी चौतीस वर्षं दुसरं काय सांगतेय!” हिने म्हटले आणि त्या परक्या माणसाला समजावे म्हणून गालावर हात ठेवून, डोळे मिटून, माझ्या घोरण्याची एक नक्कल करून दाखवली. शब्द एकही नाही, पण त्या दोघांत जो सलोखा झाला तो पाहून वाटले, कास्तेल्नो आणि बेनाक यांना असा दुवा मिळता तर युद्ध शंभर वर्षांच्या आतच मिटले असते. म्हातारा हसला. हसतानाही त्याने श्वास सोडला नाही, केवळ खांदे हलवले.

इथवर मी सोसले असते. पण त्यानंतर त्याने आपली टोपी माझ्यापुढे धरली. मला वाटले, वर्गणी आहे. ती वर्गणी नव्हती. टोपी नाकातोंडापुढे धरून मी श्वास तिच्यात सोडावा, म्हणजे तो थेट भिंतीवर जाणार नाही, हे त्याने खाणाखुणांनी समजावले. आणि सांगताना आजही कान तापतात, पण मी ती टोपी घेतली. का घेतली? अकरा जोडी डोळे, परका देश, अंधार, आणि नको म्हणायला लागणारे फ्रेंच मला येत नव्हते. पुढचे तीन बायसन, एक रेनडिअर आणि ज्यांना घोडे म्हणतात अशा काही रेषा मी टोपीच्या काठावरून पाहिल्या. टोपीला तंबाखू आणि भिजलेले कुत्रे यांचा एकत्रित वास होता.

गटात दहाबारा वर्षांचा एक मुलगा होता, त्याला सर्दी होती आणि दर मिनिटाला तो सुर्रकन नाक ओढत होता. एका बाईच्या अत्तराने वटवाघळे स्थलांतर करतील अशी परिस्थिती होती. त्यांना कोणी काही म्हटले नाही. रंगाचा प्रश्न होता असे मी म्हणत नाही, पण तो विचार मनात आलाच नाही असेही म्हणणार नाही. व्हिसासाठी आम्ही बँकेची विवरणे दिली, बोटांचे ठसे दिले, ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढला. त्या लांबलचक अर्जात श्वासाचा रकाना कुठेही नव्हता. असता तर तोही मी प्रामाणिकपणे भरला असता.

बाहेर आल्यावर त्या अर्ध्या मिनिटाचे उरलेले मराठी मला मिळाले. लास्कोची गुहा सप्टेंबर १९४० मध्ये चार मुलांना सापडली आणि १९४८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. पुढच्या काही वर्षांत रोज सुमारे १,२०० माणसे आत जाऊ लागली आणि त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घाम आणि दिव्यांची ऊब यांनी भिंतींची वाट लावली. हिरवे शेवाळ धरले, चुन्याचा पांढरा थर चढू लागला. अखेर १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा बंद करवली. हे सगळे खरे आहे, आणि हे ऐकून मी खजीलही झालो असतो, पण म्हाताऱ्याला तेवढ्यावर थांबवेना. डोळ्यांत पाणी आणून त्याने सांगितले, की तो नऊ वर्षांचा असताना वडिलांचे बोट धरून त्याने खरीखुरी लास्को पाहिली होती, गुहा बंद व्हायच्या आधी.

त्याने माझ्याकडून टोपी घेतली, गुहेच्या तोंडाकडे पाठ केली, आणि झाडांच्या दिशेने ती दोनदा झटकली. मग डोक्यावर ठेवून, हिला वाकून अभिवादन करून तो निघून गेला.

त्या रात्री अडीच वाजता मी अंथरुणात उठून बसलो. ज्यांच्या उच्छ्वासाने लास्को बंद पडली त्यांत हा इसम स्वतः होता! नऊ वर्षांचा, म्हणजे धावता, ओरडता, दोन माणसांचा श्वास घेणारा! “अगं, तोच होता!” मी हिला उठवून म्हणालो. “कोण?” “ज्यांनी लास्को बंद पाडली त्यातला!” “दूसमाँ,” ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

तिथून पुढे मला नवनवी उत्तरे सुचतच राहिली, आणि ती देण्यासाठी समोर कोणी नव्हते. ज्यांनी ती चित्रे काढली ते आत चरबीचे दिवे पेटवून बसत होते. त्यांच्या धुराचे काय? पेश मेर्लच्या गुहेत ठिपक्यांच्या घोड्यांभोवती हातांचे ठसे आहेत, ते भिंतीवर हात ठेवून त्याभोवती तोंडाने रंग फुंकून उमटवलेले आहेत, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या भिंतीवर श्वास सोडायची मला बंदी, तसल्याच भिंतीवर पहिला फुंकर मारणारा चित्रकार ठरला. दुसऱ्या दिवशी रुफिन्याकला गेलो. तिथे विजेच्या छोट्या आगगाडीतून आत नेतात, त्यामुळे धाप लागायचा प्रश्नच नव्हता. तिथल्या छतावर काळ्या रेषांनी काढलेले मॅमथ आहेत आणि त्यांच्या अंगाखांद्यांवर गेल्या काही शतकांतल्या पाहुण्यांनी मेणबत्तीच्या काजळीने लिहिलेली आपापली नावे आहेत. मी मान मोडेपर्यंत ती नावे पाहिली. म्हाताऱ्याचे आडनाव ठाऊक असते तर त्याचे आजोबा तिथे नक्की सापडले असते.

हे हिला सांगितले तेव्हा तिने अजिंठ्याचे काढले. १८१९ मध्ये तिथे शिकारीला आलेल्या जॉन स्मिथने दहाव्या लेण्यात आपले नाव कोरून ठेवले, त्यावर मी दरवेळी तावातावाने बोलतो हे तिला माहीत आहे. “आणि लग्नानंतर आपण गेलो होतो, तेव्हा पद्मपाणीच्या गालाला नाक लागेल इतके जवळ कोण गेलं होतं? रखवालदार ओरडला होता ना?” रखवालदार ओरडला होता, हे मान्य. पण तो रखवालदार होता. त्याला पगार होता. त्याने टोपी पुढे केली नव्हती.

शेवटच्या दिवशी मोंतिन्याकला लास्को ४ पाहिली. डिसेंबर २०१६ मध्ये उघडलेली ही मूळ गुहेची प्रतिकृती आहे, रेघ न रेघ तशीच. पाच मीटरहून लांब असलेल्या त्या बैलाखाली मी उभा राहिलो आणि आठ वेळा भस्त्रिका केली. बैलाला काही झाले नाही. एका पोराने आईला काहीतरी विचारले, आईने त्याला लगबगीने पुढे नेले.

परवापासून बाग पुन्हा सुरू केली. मी पाठ ताठ केली, डोळे मिटले, ‘दीर्घ श्वास घ्या’ असे म्हटले. नेहमी शेवटच्या ओळीत बसणाऱ्या निवृत्त शाखाधिकाऱ्यांकडून सावकाश आवाज आला, “मस्यो, दूसमाँ.” ही आदल्या संध्याकाळी त्यांच्या सौभाग्यवतींकडे फ्रान्सच्या अक्रोडांचे पाकीट देऊन आली होती. डोळे उघडून पाहतो तो काय, सतरा जणांपैकी पाच जणांनी टोप्या आणल्या होत्या.