शिबिरात चट्टा सापडतो, पुढे काय?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात मुखकर्करोग तपासणी शिबिरासाठी दंतवैद्य म्हणून गेलो होतो. शाळेच्या व्हरांड्यात साठीच्या एक आजी समोर बसल्या आणि पदराने तोंड पुसत आधीच सांगून मोकळ्या झाल्या, "मी तंबाखू खात नाही हो डॉक्टर, नुसती मिश्री लावते." (मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण ती कुणी 'खात' नाही ना!) बॅटरीच्या उजेडात डाव्या गालाच्या आत, कापसाने पुसूनही न जाणारा पांढरा चट्टा दिसला. दुखत मात्र काहीच नव्हते, आणि या आजाराची लबाडी नेमकी तीच आहे.

अशा तपासणीला मोठे यंत्र लागत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १३ पंचायतींमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या अभ्यासात डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या पदवीधरांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमध्ये मुखकर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. व्यसन नसलेल्यांना तसा लाभ दिसला नाही. म्हणूनच शाळेच्या मुलांना रांगेत उभे करून आकडा फुगवण्यापेक्षा पानटपरी, वीटभट्टी आणि ऊसतोडीचा तळ गाठावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. संशयित ठरलेल्यांपैकी सुमारे ६३ टक्केच लोक पुढच्या तपासणीला पोहोचले. आपल्याकडे २०१६ पासून तिशीवरील प्रत्येकाचे तोंड पाच वर्षांतून एकदा तपासण्याचे धोरण आहे, तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी एक टक्काही अशा तपासणीपर्यंत आलेल्या नव्हत्या. आशाताई घरोघरी फिरून अर्ज भरतात. पण चट्टा सापडलेल्या माणसाला तालुक्याला नेण्याचे एसटीभाडे आणि बुडणारा रोज कोण देणार, याचा रकाना त्या अर्जात नाही. शिबिराच्या अहवालात किती तोंडे पाहिली एवढेच छापतात. किती जणांच्या चट्ट्याचा तुकडा काढून (म्हणजे बायोप्सी करून) खरोखर तपासला गेला, हा आकडा सक्तीने मागायला हवा.

त्या आजींना मी चिठ्ठी दिली, सुनेचा नंबर घेतला आणि आतापर्यंत तीनदा फोन केला आहे. परवा सून म्हणाली, "कांद्याची काढणी उरकली की नेते."