लोखंडाची वाफ आणि लोखंडाचा पाऊस

नमस्कार. वास्प-७६बी या दुसऱ्या एका ताऱ्याभोवती फिरणाऱ्या तप्त ग्रहावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘ग्रह साधा ठिपका म्हणूनही दिसत नाही. लोखंड तर त्याच्या ताऱ्यातही असतं. मग तिथे लोखंडाचा पाऊस पडतो हे कशाच्या जोरावर ठोकून दिलंत? ही विज्ञानाच्या नावाखाली रंगवलेली गोष्ट आहे.’ प्रतिक्रिया दोनदा वाचली. तिच्यात दोन वेगळे आक्षेप आहेत. एक मला मान्य आहे, दुसरा मुळीच नाही.

मान्य नाही तो आधी. ‘हे लोखंड ताऱ्याचं कशावरून नाही?’ अगदी रास्त प्रश्न, आणि या सगळ्या पद्धतीचा जीव त्याच्या उत्तरातच आहे.

हा ग्रह ताऱ्याभोवतीची फेरी दोन दिवसांच्या आत पुरी करतो. तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडासा प्रकाश त्याच्या वातावरणाच्या कडेतून गाळून येतो आणि तिथल्या अणूंच्या शोषणरेषा, म्हणजे त्या अणूंनी ठरावीक रंग शोषल्यामुळे वर्णपटात पडणाऱ्या काळ्या रेषा, त्यात उमटतात. या अधिक्रमणाच्या पावणेचार तासांत ग्रह सुरुवातीला आपल्याकडे येत असतो, शेवटी दूर जात असतो. त्याचा आपल्या दृष्टिरेषेतला वेग सेकंदाला उणे ५० किलोमीटरच्या आसपासपासून (उणे म्हणजे आपल्याकडे) अधिक ५० पर्यंत बदलतो, त्यामुळे त्याच्या रेषा निळ्याकडून तांबड्याकडे सरकतात. तारा जड, तो जवळपास जागचा हलत नाही. त्याच्या रेषाही हलत नाहीत.

आता एकामागून एक घेतलेले वर्णपट वेळेच्या क्रमानं एकाखाली एक रचा. ताऱ्याच्या रेषा सरळ उभ्या दिसतील. पृथ्वीच्या हवेतल्या पाण्याच्या वाफेच्या रेषाही तशाच उभ्या. ग्रहाची रेषा तेवढी तिरकी जाईल. एकेकटी रेषा गोंगाटात बुडालेली असते, म्हणून लोखंडाच्या असंख्य रेषांचा ठसा एकत्र जुळवून पाहतात, आणि मग तो तिरका माग उठून दिसतो. हे चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो होतो. ताऱ्यातलं लोखंड असं तिरकं धावू शकत नाही.

एक गुंता मात्र आहे. ग्रह फिरत्या ताऱ्याचा थोडा भाग झाकतो, त्यामुळे ताऱ्याच्या रेषांनाही किंचित बाक येतो आणि त्याचाही एक माग तयार होतो. पण तो वेगळ्या उताराचा असतो, आणि दोन्ही माग जिथे एकमेकांवर येतात तिथली मोजमापं वगळून हिशेब करतात. केल्ट-९बी हा ग्रह तर याहूनही तप्त. त्याच्या वातावरणातही २०१८ साली लोखंड आणि टायटॅनियम याच रीतीनं सापडलं. तेव्हा वाफ खरी. तिथे मी एक शब्दही मागे घेणार नाही.

पावसाचं मात्र तुमचं बरोबर आहे, आणि ती माझी चूक आहे. २०२० साली चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपवरच्या एस्प्रेसो वर्णपटमापकानं दाखवलं की संध्याकाळच्या कडेला, म्हणजे वारा दिवसाच्या बाजूकडून रात्रीकडे जातो तिथे, लोखंडाची खूण ठळक आहे आणि पहाटेच्या, म्हणजे तो रात्रीकडून दिवसाकडे येतो त्या कडेला नाही. ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते. म्हणून संशोधकांनी अर्थ लावला की दिवसाच्या बाजूची वाफ वाऱ्याबरोबर रात्रीच्या बाजूला जाऊन थिजत असावी, थेंब पडत असावेत. निरीक्षण पक्कं, पण थेंब कुणी पाहिलेला नाही. पुढे इतरांनी प्रारूपं मांडून दाखवलं की एका कडेवर उंच ढग असले किंवा दोन्ही कडांच्या तापमानात पुरेसा फरक असला, तरी खूण अशीच दिसेल.

शिवाय लोखंडाहून वेगळ्या तापमानाला थिजणाऱ्या इतर मूलद्रव्यांतही नंतर असाच कल आढळला. कारण नुसतं लोखंड थिजणं असतं, तर तसं दिसण्याची अपेक्षा नव्हती. २०२३ साली जेमिनी नॉर्थ दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तर असं निघालं की लोखंडाचं प्रमाण साधारण अपेक्षेइतकंच आहे. कमी पडलं ते टायटॅनियम, जे लोखंडाच्याही आधी, जास्त तापमानाला थिजतं. म्हणजे रात्रीच्या बाजूला काहीतरी वायुरूपातून बाहेर पडतंय खरं, पण सर्वात ठोस पुरावा आहे तो टायटॅनियमचा.

लेखातलं ‘तिथे लोखंडाचा पाऊस पडतो’ हे वाक्य आज काढून टाकलं आहे. त्याजागी कडांमधला फरक आणि त्याची तिन्ही संभाव्य कारणं लिहिली आहेत, आणि खाली दुरुस्तीची तारीखही घातली आहे. तिरक्या मागाचा परिच्छेद मूळ लेखात नव्हताच, तोही आता जोडला आहे. तो वाचून शंका उरली तर जरूर लिहा.